रोटोरुआचे उष्णोदक

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, रोटोरुआ सरोवराच्या काठी ओहिनेमुटु नावाची माओरी वस्ती आहे. जमिनीतून येणाऱ्या वाफेवर रांधावे, उन्हाळ्यांच्या पाण्यात आंघोळ करावी, दुखरे सांधे शेकावेत, हा तेथील न्गाटी फाकाउए कुळाचा पिढीजात शिरस्ता. झऱ्यांची मालकी कुळाकडे होती आणि राखणही कुळाकडेच होती.

१८८० साली या कुळाने सरकारशी करार केला. जमीन माओरींचीच राहावी, ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावी आणि तिच्यावर आरोग्यनगर वसावे, असे ठरले. पुढच्याच वर्षी तसा कायदा झाला. पण पट्टेदारांनी भाडी थकवली आणि दशक सरता सरता नगराची बरीचशी जमीन सरकारने विकत घेतली. १८९४ मध्ये रेल्वे आली. १९०१ मध्ये सरकारने पर्यटन व आरोग्यस्थानांचे स्वतंत्र खाते उघडले. असे सरकारी खाते जगात पहिलेच मानले जाते. १९०८ मध्ये युरोपीय धर्तीचे भव्य स्नानगृह उभे राहिले. ज्या गंधकयुक्त पाण्यासाठी ते बांधले, त्याच पाण्यातून उठणाऱ्या वायूने त्याचे नळ कुरतडले, रंग काळवंडवला.

याहून मोठे नुकसान जमिनीखाली झाले. स्नानकुंडे भरण्यासाठी आणि हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवण्यासाठी हॉटेलांनी व घरमालकांनी शेकडो बोअर खणले. प्रत्येकाने आपल्याच आवारात खणले. पण खालचा गरम पाण्याचा साठा एकच होता. त्याचा दाब उतरला आणि शहरालगतच्या फाकारेवारेवा येथील उफाळती कारंजी मंदावली. पापाकुरा हे त्यांतले एक कारंजे १९७९ मध्ये थांबले. ज्या नवलासाठी प्रवासी येत, तेच त्यांच्या सोयींपायी आटू लागले होते.

अखेर १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुटु या सर्वांत प्रसिद्ध कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायला लावले. बोअरमालकांनी कडवा विरोध केला, तरी निर्णय टिकला. भूगर्भातली पातळी पुन्हा चढू लागली.

नकाशावर जमिनीचे पट्टे पाडता आले, तसे तिच्याखालच्या पाण्याचे पाडता आले नाहीत. कुळाच्या सामाईक राखणीमागचे हे शहाणपण शहराला शंभर वर्षांनी, कायद्याच्या बडग्याने शिकावे लागले. पापाकुरा पुन्हा उसळले ते २०१५ मध्ये. बोअर बंद करायला दोन-तीन वर्षे पुरली होती. जमिनीला सावरायला मात्र पाव शतकाहून अधिक काळ लागला.