ट्रायल मोटारसायकल

दगडधोंडे, ओढे, चिखल व तीव्र चढउतार असलेल्या, आखून दिलेल्या मार्गावरून पाय जमिनीला न टेकविता वाहन चालविण्याच्या स्पर्धेसाठी तयार केलेल्या मोटारसायकलीस ‘ट्रायल मोटारसायकल’ म्हणतात. या स्पर्धेत वेगापेक्षा तोल व नियंत्रण यांना महत्त्व असते. मार्गावरील प्रत्येक कठीण टप्प्यावर पंच नेमलेले असतात. एकदा पाय टेकल्यास १, दोनदा टेकल्यास २, तीन किंवा अधिक वेळा टेकल्यास ३ आणि टप्पा पार न झाल्यास ५ असे दंडगुण देण्याची पद्धत रूढ आहे. सर्वांत कमी दंडगुण असणारा स्पर्धक विजयी ठरतो. चालकाच्या कौशल्याइतकीच वाहनाची जुळणी व देखभाल येथे निर्णायक ठरत असल्याने मोटारसायकलीच्या तांत्रिक विकासात या स्पर्धांना एखाद्या प्रयोगशाळेचे स्थान लाभले. सोलापूर जिल्ह्यासारख्या दख्खनच्या पठारावरील भागात रोजच्या वापरातील मोटारसायकलीलाही यांपैकी अनेक कसोट्यांना तोंड द्यावे लागते. त्या दृष्टीने हा इतिहास महाराष्ट्रालाही उद्‌बोधक आहे.

इतिहास : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर पेट्रोल एंजिन बसवून पहिली मोटारसायकल तयार केली. प्रारंभीच्या मोटारसायकली भरवशाच्या नव्हत्या. चामडी पट्टा ओला झाला की घसरे व चढावर एंजिन बंद पडे. वाहन ठरलेले अंतर बिघाडाविना पार करते की नाही, हे पाहण्यासाठी ब्रिटनमधील मंडळांनी ज्या चाचण्या सुरू केल्या, त्यांतूनच ट्रायल स्पर्धांचा उगम झाला. स्कॉटलंडमधील बहुदिवसीय स्पर्धेची परंपरा १९०९ पासूनची असून ती पुढे ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ या नावाने प्रसिद्धीस आली. १९१३ मध्ये इंग्लंडमधील कार्लाइल येथे पहिली आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची चाचणी झाली. दोन धावी एंजिनाचे पुरस्कर्ते आल्फ्रेड स्कॉट यांनी १९१४ मध्ये यॉर्कशरच्या माळरानावर आपल्या कारखान्यातील कामगारांसाठी घेतलेल्या स्पर्धेतून ‘स्कॉट ट्रायल’ सुरू झाली. अशा चाचण्यांमुळे पट्ट्याऐवजी साखळी, अनेक गतींची गिअरपेटी आणि खात्रीशीर क्लच यांची उपयुक्तता सिद्ध झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मागील चाकाच्या निलंबनाचा प्रश्न पुढे आला. मागील चाकाला स्प्रिंग दिल्यास वाहनावरील ताबा सुटेल, असा त्या वेळी अनेक चालकांचा समज होता. रॉयल एन्‌फील्ड कंपनीने १९४८ मध्ये झुलत्या भुजेचे निलंबन असलेली ‘बुलेट’ ट्रायल स्पर्धांत उतरविली व त्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथील सहा दिवसांच्या चाचणीत तिने सुवर्णपदके मिळविली. जॉनी ब्रिटन यांनी १९५२ मध्ये बुलेटवर स्कॉटिश स्पर्धा जिंकली. दुसरे मोठे परिवर्तन सॅमी मिलर यांनी घडविले. चार धावी, ५०० घ. सेंमी. एरियल मोटारसायकलीचा प्रत्येक भाग हलका करण्यात त्यांनी अनेक वर्षे घालविली होती. तथापि १९६५ मध्ये स्पेनमधील बुल्टाको कंपनीच्या दोन धावी शेर्पा मोटारसायकलीवर त्यांनी स्कॉटिश स्पर्धा जिंकली आणि जड चार धावी वाहनांचे युग मागे पडले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७५ मध्ये सुरू होऊन तिचा पहिला मान मार्टिन लॅम्पकिन यांना मिळाला. एकविसाव्या शतकात चार धावी एंजिने पुन्हा यशस्वी झाली. अलीकडच्या ट्रायल मोटारसायकलीचे वजन सामान्यतः ६५ ते ७५ किग्रॅ. असते.

जुळणी : ट्रायल मोटारसायकलीचे एंजिन अत्यंत कमी फेऱ्यांवरही न अडखळता ओढणारे असावे लागते. त्यासाठी प्रचक्र जड ठेवतात व मागील दंतचक्राचे दात वाढवून पहिल्या गिअरमध्ये वाहन माणसाच्या चालीइतके संथ चालेल अशी योजना करतात. कार्ब्युरेटरमध्ये संथ फेऱ्यांना इंधन पुरविणाऱ्या जेटची जुळणी विशेष काळजीने करावी लागते. मिश्रण फार पातळ झाल्यास थ्रॉटल उघडताच एंजिन दचकते, तर फार दाट झाल्यास प्लग काजळतो. पुढील टायर सामान्यतः २·७५–२१ व मागील ४·००–१८ या मापाचा असतो. टायरमधील हवेचा दाब पुढे सु. ०·४ व मागे सु. ०·३ किग्रॅ./चौ. सेंमी. इतका कमी ठेवतात. त्यामुळे टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबून अधिक पृष्ठभाग पकडतो. पायटेकू मागे व खाली बसवितात, कारण चालक उभा राहून केवळ शरीराच्या भाराने वाहनाचा तोल सांभाळतो. हँडल दोन्ही बाजूंना शक्य तितके अधिक वळेल अशीही रचना करतात.

देखभाल : पाणी व माती हे या वाहनाचे मुख्य शत्रू होत. प्रत्येक स्पर्धेनंतर हवा-गाळणी धुऊन तिला तेल लावतात. गाळणीतून शिरलेली धूळ सिलिंडर व दट्ट्या यांना घासते व संपीडन घटते. चाकांचे व झुलत्या भुजेचे धारवे पाणी शिरून गंजतात, म्हणून ते सोडवून ग्रीस भरणे आवश्यक असते. साखळीचा ताण निलंबनाच्या सर्व स्थितींत तपासावा लागतो. ती फार ताणलेली असल्यास निलंबन दबताना तुटण्याचा संभव असतो. आऱ्यांचा ताण, ब्रेकचे तळवे आणि क्लचची केबल यांची तपासणीही नित्याची असते. जुन्या दोन धावी एंजिनांत पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलामुळे निष्कास द्वार व नळी यांत काजळी साचे. ती ठराविक काळाने खरवडून काढावी लागे.

भारत व महाराष्ट्र : मद्रास येथे १९५५ पासून बुलेटचे उत्पादन सुरू झाले. १९६१ पासून म्हैसूर येथे जावा मोटारसायकली तयार होऊ लागल्या. सहा दिवसांच्या चाचणीत चेकोस्लोव्हाकियाच्या संघांना अनेक विजय मिळवून देणाऱ्या घराण्यातील हे वाहन होते. पोलिश नमुन्यावर आधारलेली १७५ घ. सेंमी.ची राजदूत याच दशकात आली. महाराष्ट्रात बजाजच्या स्कूटरी, किनेटिक एंजिनिअरिंगची लूना (१९७२) आणि १९८६ मधील बजाज एम ८० व कावासाकी बजाज केबी १०० यांनी दुचाकीचा प्रसार वाढविला. देशातील मोटारउद्योगाचे एक प्रवर्तक वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे मूळचे सोलापूरचेच. तथापि त्यांचे कार्य मोटारगाड्यांच्या क्षेत्रातील होते. ट्रायल हा क्रीडाप्रकार मात्र भारतात फारसा रुजला नाही. रॉयल एन्‌फील्डने २०१९ मध्ये बुलेटचा ‘ट्रायल्स’ हा प्रकार विक्रीस आणला, परंतु तो अल्पकाळच टिकला.

सोलापूर जिल्ह्यात वार्षिक पाऊस सु. ५५० मिमी. पडतो. भीमा व सीना नद्यांच्या काठी काळी चिकण जमीन, तर माळावर मुरमाड जमीन आढळते. उन्हाळ्यात धूळ हवा-गाळणीत भरते. पावसानंतर काळी माती चाक व मडगार्ड यांमधील जागा भरून चाक अडविते. स्पर्धेतील वाहनाचे मडगार्ड चाकापासून उंच का ठेवतात, याचे उत्तर शेतरस्त्यावर आपोआप मिळते. एका बाबतीत मात्र दोहोंची गरज परस्परविरुद्ध आहे. दुधाचे कॅन, चारा वा खताची पोती वाहणाऱ्या मोटारसायकलीस टायरमधील हवा वाढवावी लागते व मागील निलंबन कडक करावे लागते. ट्रायलप्रमाणे हवा कमी ठेवल्यास ओझ्याखाली टायर तापून फुटण्याचा व वाहन घसरण्याचा धोका असतो. अशा वेळी चुकीच्या जुळणीची किंमत दंडगुणांत नव्हे, तर जिवावर बेतणाऱ्या अपघातात मोजावी लागते.

जुन्या मोटारसायकलीची जुळणी हाती असलेल्या साध्या हत्यारांनी होई. पॉइंटमधील सु. ०·४ मिमी. फट पट्टीने मोजणे, प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखणे व आवाजावरून टॅपेट ऐकणे ही विद्या मिस्त्रीकडून शिकाऊ मुलाकडे हाताखाली काम करतानाच जात असे. प्रदूषणविषयक मर्यादा कडक होत गेल्यावर २००५ नंतर दोन धावी मोटारसायकली भारतीय बाजारपेठेतून जवळजवळ नाहीशा झाल्या. २०२० मध्ये भारत स्टेज सहा ही मानके लागू होताच कार्ब्युरेटरची जागा मुख्यतः इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. त्यामुळे धूर व इंधनाचा अपव्यय घटला, हा निःसंशय लाभ होय. परंतु संवेदकातील दोष शोधण्यास विशेष उपकरण लागते आणि ते नसलेल्या रस्त्याकडेच्या गॅरेजातील कारागिराच्या कामाचे क्षेत्र आकुंचित होते. साखळी, धारवे, टायर, ब्रेक व हवा-गाळणी यांची निगा मात्र आजही हातानेच घ्यावी लागते. आणि माळरानावरील स्पर्धेत असो वा शेताच्या वाटेवर, वाहनाची विश्वसनीयता प्रथम याच निगेवर अवलंबून असते.