पिंजऱ्यातला धातू

कार्बनचे साठ अणू मिळून फुटबॉलसारखा पोकळ गोळा बनतो, असा दावा १९८५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथल्या राइस विद्यापीठातून झाला. हॅरॉल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल यांच्या हाती पुरावा होता तो वस्तुमानाच्या आलेखावरच्या एका उंच शिखराचा. अणू मोजता आले होते, गोळा कुणी पाहिला नव्हता.

गोळा पोकळ असेल तर त्यात काही कोंडता यायला हवे. जेम्स हीथ या विद्यार्थ्याने लँथॅनमचा क्षार मुरवलेल्या ग्रॅफाइटवर लेसर सोडला. साठ कार्बनांसोबत लँथॅनमचा एकच अणू आढळला. पण तो बाहेरून चिकटलेला नाही कशावरून, अशी शंका निघाली.

उत्तर १९८८ मध्ये मिळाले. लेसरच्या माऱ्याने दोन-दोन कार्बन गळत गेले, पिंजरा आकसला. धातू मात्र सुटला नाही. पोटॅशियमभोवती पिंजरा ४४ कार्बनांपर्यंत आकसला, तर आकाराने मोठ्या सीझियमभोवती ४८ वरच थांबला. त्यापुढे तो फुटला. धातू बाहेर असता, तर आधी तोच निसटला असता.

१९९१ मध्ये स्मॉलींच्या गटाने ८२ कार्बनांत कोंडलेले लँथॅनम वेगळे काढले. ई-मेलच्या पत्त्यातले ‘ॲट’ चिन्ह त्यांनी ‘च्या आत’ या अर्थाने वापरले. पुढे एमआरआय तपासणीत लागणारे, पण मोकळे सुटल्यास विषारी ठरणारे गॅडोलिनियम असे कोंडण्याचे प्रयोग झाले.

१९९६ चे नोबेल तिघांना मिळाले. न दिसणाऱ्या पिंजऱ्याची साक्ष आतल्या कैद्याने आधीच दिली होती.