शाहजोग हुंडी ते बॅकलिंक

जळगावात केळीचे वेफर्स विकणारा असो की धुळ्यातला तेलमिलवाला, स्वतःच्या नावाची वेबसाईट काढली की थोड्याच दिवसांत त्याला फोन येतो. ‘सर, गूगलवर पहिल्या पानावर आणून देतो. महिन्याला पाचशे बॅकलिंक, जीएसटी वेगळा.’ बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाईटवरून आपल्या वेबसाईटकडे येणारा दुवा. तो शेकड्याच्या भावाने विकायला काढलाय, यात ना बोलणाऱ्याला काही वावगं वाटत, ना ऐकणाऱ्याला. पण या दुव्याचं कूळ शोधत गेलं तर ते चांगलं खानदानी निघतं, आणि त्याच्या एका लांबच्या नातलगाशी इथल्या पेढ्यांचा रोजचा व्यवहार होता.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि खानदेशी कापसाचे दिवस पालटले. जळगावची मोठी बाजारपेठ झाली ती याच सुमारास. त्या काळी परगावी पैसा पाठवायचा तर हुंडी लिहीत, आणि हुंड्यांत एक प्रकार होता शाहजोग. ही हुंडी कितीही हातांतून फिरली तरी पैसे मोजून घ्यायला शेवटी ‘शाह’ लागे, म्हणजे बाजारात पत असलेली असामी. ऐऱ्यागैऱ्याने आणली तर पेढी पैसे देत नसे. आणि पुढे हुंडी खोटी निघाली तर त्या शाहाने रक्कम व्याजासकट परत करायची, असा दंडक होता. शाहाच्या नावाला किंमत होती ती या दंडकामुळे. नुसता ओळखीचा चेहरा काय कामाचा?

बॅकलिंकची थेट वंशावळ मात्र सुरू होते वकिलांपासून. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १८७३ साली फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापून विकायला काढल्या. कोणत्या जुन्या निकालाचा दाखला नंतरच्या कोणत्या निकालात दिला गेला, हे त्या चिठ्ठीवर असे. वकिलाने ती आपल्या पुस्तकात त्या निकालाशेजारी चिकटवायची. निकाल आपल्या मागे काय काय आलं ते सांगू शकत नाही. ही चिठ्ठी सांगत होती. धुळ्याच्या कोर्टातल्या वकिलाला याचं अप्रूप वाटणार नाही. नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे जाडजूड खंड त्याच्या कपाटात असतात, आणि ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ एवढं म्हटलं की केशवानंद भारती खटला हे त्याला कळतं. शेपर्डच्या पद्धतीतली आणखी एक खुबी पुढे हरवली. नंतरच्या न्यायालयाने जुना निकाल उचलून धरला की मोडीत काढला, हेही त्यात नोंदवलेलं असे. वेबवरच्या दुव्याला तोंड नसतं. ‘या दुकानात फसलो, तुम्ही जाऊ नका’ असं लिहून दिलेला दुवाही मुळात दुवाच मोजला जाई.

शेपर्डची ही कल्पना युजीन गारफिल्डने विज्ञानाकडे वळवली. १९५५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्याने ती मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स छापून बाहेर पडला: कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढे कुणी कुणी केला, याची सूची. मग मोजणी आली, आणि मोजणीमागून तिच्यातली खोट दिसू लागली. सगळे उल्लेख एका तोलाचे कसे मानायचे? १९७६ साली पिन्स्की आणि नारिन या दोघांनी गणित मांडलं, की ज्या नियतकालिकाला स्वतःला वजन आहे त्याने केलेला उल्लेख जास्त धरावा. इथे शाह परत आला. त्याचा दंडक मात्र आला नाही.

धुळ्याचं नाव निघालंच आहे तर थोडं आडवळणाला जातो. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला. पुढे १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले आणि त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांसाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांचा आग्रह होता तो अस्सल समकालीन पत्रांचा. मागाहून ऐकीव माहितीवर रचलेल्या बखरींवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या न्यायाने एकच कथा दहा बखरींनी उतरवून घेतली म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत, साक्षीदार एकच राहतो, तोही पारखून घ्यावा लागतो. पहिल्या खंडानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९८ मध्ये, गूगल कंपनी सुरू झाली. दहा बखरींचा हा पेच तिच्याही वाट्याला येणार होता.

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे स्टॅनफर्डचे विद्यार्थी. त्यांच्या प्रकल्पाचं १९९६ मधलं नाव होतं ‘बॅकरब’, कारण सगळी मदार बॅकलिंकवर होती. तोवरची शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द बघत, म्हणून लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवत. माणसाला दिसत नसे, यंत्राला दिसे. पेज-ब्रिन यांनी दुवे मोजले, पण तोलून. त्यांच्या पेजरँकचा हिशेब सोपा आहे. समजा, एका पानाचं वजन १० आहे. त्यातला १५ टक्के भाग बाजूला पडतो, उरलेले साडेआठ त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या दुव्यांत समान वाटले जातात. दुवे दोनच असतील तर प्रत्येकाच्या पदरात सव्वाचार. तेच पान पाचशे जणांना दुवे देत असेल तर प्रत्येकाला ०.०१७. फोनवर मिळणाऱ्या पॅकेजातली बरीचशी पानं या दुसऱ्या जातीची असतात, आणि त्यांचं मूळ वजन १० सोडा, १ सुद्धा नसतं.

गणित पक्कं होतं. कच्चं होतं ते हे, की दुवा देणाऱ्याला त्याची झळ काहीच लागत नव्हती. मग व्हायचं ते झालं. एकमेकांना दुवे देणाऱ्या साईटींचे ताफे उभे राहिले, दुवे विकत मिळू लागले, कुणाच्याही लेखाखाली औषधांच्या जाहिराती डकवल्या जाऊ लागल्या. त्यानंतरचा गूगलचा इतिहास मला तरी हरवलेला दंडक परत आणण्याची धडपड वाटतो. जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली: दुवा देतोय, पण हमी देत नाही. २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकेतल्या बड्या दुकानदार कंपनीसाठी विकतच्या दुव्यांचं जाळं विणल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं आणि तिचा क्रमांक धाडकन खाली आला. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला आणि दुवे विकत घेणाऱ्या असंख्य लहान साईटी दिसेनाशा झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलने एक सोय दिली, आपल्याकडे येणारे नकोसे दुवे मालकाने स्वतःच नाकारायची. आधी पैसे देऊन घेतलेले दुवे लोक आता पैसे देऊन काढायला लागले. हा धंदाही बहुतेक वेळा त्याच मंडळींकडे गेला.

खानदेशातल्या साईटमालकाला आणखी एक अडचण असते, तिचा दुव्यांशी संबंध नाही. ‘जळगाव’ एवढंच लिहिलं तर यंत्रापुढे बुलढाणा जिल्ह्यातलं जळगाव जामोदही येतं. धुळ्याचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांत ‘धुलिया’ असं सापडतं. शिवाय गिऱ्हाईक शोधतं ते बहुधा रोमन लिपीत. पानावर तालुका, जिल्हा, पिनकोड आणि दोन्ही लिप्यांतलं नाव स्पष्ट घातलं तर पाचशे विकतच्या दुव्यांपेक्षा जास्त उपयोग होतो. हे काम पुतण्यालाही जमतं.

दुवा मिळवायचा तर तो देणाऱ्याला आपली गरज पडली पाहिजे. रावेर, सावदा आणि पलीकडे बऱ्हाणपूर इथले केळीचे भाव रोज बदलतात. वेफर्सचा एखादा कारखानदार कच्चा माल घेताना ते विचारतोच. तेच आकडे तो तारीखवार आपल्या साईटवर चढवत राहिला, मागच्या वर्षीचेही तसेच ठेवले, तर केळीवर लिहिणारा पत्रकार, शेतकरी उत्पादक कंपनी, कृषी महाविद्यालयात प्रकल्प करणारा विद्यार्थी, कुणीतरी कधीतरी त्या पानाचा दाखला देणार. भरीत वांग्याचंही तेच. जळगावच्या केळीला आणि भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण ही वांगी लावायची कधी, बी कोणतं, भाजताना तेल लावायचं की नाही, हे नीट सांगणारं पान कुणी लिहिलं तर बाहेरगावचे खवय्ये त्याचा पत्ता आपणहून देतील.

केळीच्या भावाचा फोटो रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर शंभर गटांत फिरतो, ते ठीकच आहे, पण गटाच्या आतलं गूगलला दिसत नाही. तिथे केलेली शिफारस दुव्याच्या हिशेबात धरली जात नाही.