केरो

केरो – अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाचे गाव. येथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. जमीन सखल, म्हणून वस्ती पुराच्या बांधांआड. ‘हकलबरी फिन’ या कादंबरीत हक आणि पळालेला गुलाम जिम यांना हेच गाठायचे असते. का, ते नकाशा सांगेल : पश्चिमेला मिझुरी, पूर्वेला केंटकी, दोन्हीकडे गुलामगिरी. केरोहून आगबोटीने ओहायोवरून वर गेले की जिम सुटला. मग तो मुक्त इलिनॉयमध्येच का राहत नाही? कारण तेथेही पळालेल्या गुलामांना पकडून परत धाडत. धुक्यात गाव मागे पडते आणि त्यांचा तराफा गुलामगिरीच्या मुलखात खोल वाहत जातो.

यादवी युद्धात, १८६१ मध्ये, उत्तरेच्या जनरल ग्रँटने येथे तळ ठोकला. पुढे नदी आणि रेल्वे यांवर गाव वाढले. १९२० च्या जनगणनेत वस्ती १५,२०३. २०२० मध्ये उरली १,७३३. नदीवाहतूक आटली म्हणून गाव ओसरले, हे सांगणे सोयीचे, पण अपुरे. १९०९ मध्ये जमावाने येथे एका कृष्णवर्णीयाला हजारोंच्या देखत ठार मारले. १९६७ मध्ये एक कृष्णवर्णीय सैनिक कोठडीत मरण पावला आणि दंगली उसळल्या. मग गोऱ्यांच्या दुकानांवर काही वर्षे बहिष्कार चालला. कृष्णवर्णीयांना नोकरीवर घेण्यापेक्षा कित्येक दुकानदारांनी दुकानच बंद करणे पत्करले. गाव केवळ पाण्याने नव्हे, या वर्णद्वेषानेही रिकामे केले. पाण्यापासून ते अजून राखले जाते : २०११ च्या पुरात लष्कराच्या अभियंत्यांनी मिझुरीकडचा बांध सुरुंगाने उडवून पाणी तिकडच्या शेतांत सोडले.