जवसाचे तेल आणि लाकडी फळी

तुकईथडकडे, सातपुड्याच्या या अंगाला, जवस म्हटले की चटणीच आठवते. पण रेनेसाँच्या काळातली युरोपातली उत्तमोत्तम चित्रे याच बियांच्या तेलात रंगली. हे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेते, घट्ट होते आणि रंगाच्या कणांना धरून ठेवणारा पारदर्शक पापुद्रा होऊन बसते. शेंगदाण्याच्या तेलाला हे कधी जमायचे नाही.

इटालियन चरित्रकार व्हासारीने 1550 मध्ये या तंत्राचे श्रेय फ्लँडर्सच्या यान फान आयकला दिले आणि लोकांनी ते मानले. पण बाराव्या शतकातला साधू थिओफिलस जवसाच्या तेलात रंग घोटायची रीत सांगतो, वर थर वाळायला फार वेळ लागतो अशी तक्रारही करतो. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांत तर त्याहून कितीतरी जुनी तैलचित्रे निघाली आहेत. फान आयकचे खरे मोठेपण थरांत आहे. ओकच्या फळीला सरस आणि खडूचे अस्तर द्यायचे, ते घासून गुळगुळीत करायचे, मग त्यावर रंगाचे पातळ थर एकावर एक चढवायचे. उजेड या थरांतून पांढऱ्या अस्तरापर्यंत जातो आणि उलटून येतो. 1432 मध्ये पूर्ण झालेले त्याचे गेंटच्या चर्चमधले वेदीचित्र आतून उजळल्यासारखे वाटते ते यामुळे.

ही विद्या आपल्याकडे आली ती जुन्या गोव्यात. 1547 मध्ये तिथला पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने तोवरच्या गव्हर्नरांची चित्रे लाकडी फळ्यांवर करवून घेतली. देखरेख गास्पर कोरैयाची. तो आधीचा गव्हर्नर आल्बुकर्क याचा लेखनिक होता, आणि चित्रकलेची त्याला जाण होती. रंगवणारा मात्र इथलाच, या मातीतला चित्रकार. पाहिलेला माणूस चित्रात लगेच ओळखू येई, असे कोरैयाने लिहून ठेवले, पण चित्रकाराचे नाव लिहिले नाही. मला हा माणूस फार मोठा वाटतो. तंत्र परक्या मुलखातले, चेहरे परक्यांचे, आणि कोकणच्या दमट हवेत तेल आणखीच सावकाश वाळणार. तरीही त्याने चेहरे जिवंत उतरवले.

ही चित्रमालिका आज जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पुढच्या व्हाइसरॉयांची चित्रे तीत भरत गेली. जुन्या फळ्यांवर दुरुस्तीच्या नावाखाली पुन्हापुन्हा रंग चढला, त्यामुळे त्या पहिल्या चित्रकाराचे काम बऱ्याच ठिकाणी त्या रंगाखाली दबले आहे.