काजव्यांचा काळोख

परवा शेजारच्या एका तरुणाने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. आरेच्या जंगलात, पावसाच्या तोंडावर काढलेला. झाडाखाली हिरवे-पिवळे शेकडो ठिपके. मी विचारले, "अरे, इतके जुगनू होते?" तो हसला. "नाही चाचा, एका वेळी दहा-बारा असतील."

मग त्याने रीत सांगितली. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, फ्लॅश बंद करायचा आणि शटर वीस-तीस सेकंद उघडे ठेवायचे. असे बरेच फोटो घेऊन संगणकावर एकावर एक चढवायचे. तासाभराची लुकलुक एका चौकटीत गोळा होते. तेव्हा अशा फोटोवरून काजव्यांची शिरगणती करू नये. मात्र अर्धा मिनिट शटर उघडे राहूनही चित्र पांढरे पडले नाही, इतका अंधार तिथे होता, एवढे त्यावरून नक्की कळते.

आता आमच्या अंधेरीच्या नावातच काय तो अंधार उरला आहे. मग तिथून हाकेच्या अंतरावर हा काळोख टिकला कसा? त्याचे उत्तर शहराच्या तहानेत आहे. मुंबईला नळाचे पाणी हवे होते म्हणून १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी. पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतालच्या डोंगरउतारावर वस्ती होऊ दिली नाही. पुढे शहराला दूध हवे झाले. १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे वसाहत उभी राहू लागली. शहरातले गोठे इथे आले, कुरणे राखली गेली. वारली पाडे तर इथे होतेच. शेजारचे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आज सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. काजव्यांसाठी कुणी काहीच केले नव्हते. पाण्याच्या आणि दुधाच्या आडोशाने ते जगले.

काजव्याचे आयुष्य बहुतेक जमिनीत जाते. त्याची अळी ओलसर मातीत, पाचोळ्यात महिनोन् महिने राहते, गोगलगायी खाते. पंख फुटल्यावर हाती थोडेच आठवडे. नर उडता उडता इशारा देतो, गवतातली मादी उत्तर देते. मोठा दिवा लागला की हे संभाषण बुडते. माती उकरली की पुढची पिढीच जाते.

म्हणून ४ ऑक्टोबर २०१९ ची रात्र मला विसरता येत नाही. मेट्रोच्या कारशेडसाठी त्या रात्री आरेत झाडे तोडायला सुरुवात झाली. दोन हजारांहून अधिक झाडे गेली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली. २०२० मध्ये आरेतील आठशेहून अधिक एकर जागा राखीव वन करण्याचे सरकारने जाहीर केले. मेट्रोने मीही जातो, ते नाकारत नाही. पण झाडांची निदान मोजदाद झाली. मातीतल्या अळ्या कोण मोजणार?

फोटो काढायला जाणाऱ्यांना एवढेच सांगतो. परवानगी घेऊन जा, टॉर्च विझवा, गाडीचे दिवे लांबच बंद करा. काजवे पकडून बाटलीत भरू नका. त्या शेजाऱ्याला मी म्हटले, "दरवर्षी याच झाडाखाली उभा राहा आणि फोटोमागे तारीख लिही. शटर उघडे ठेवायची मुदत जसजशी कमी करावी लागेल, तसतसा इथला उजेड किती वाढला ते कळेल."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)