विटीदांडूंतील इतिहास

बाळपणींचे खेळ आठवूं लागले म्हणजे मन हळवें होतें. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें तेवढ्यावर थांबूं नये. विटीदांडूचेंच पाहा. ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ असे पुकारे करीत आम्ही विटी टोलवीत असूं. शब्द निरर्थक वाटत. परंतु तेलुगूंत एक, दोन, तीन, चार यांस ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात, हें ध्यानीं घेतां त्यांचें नातें उघड होतें. मराठी मुलुखाच्या दक्षिणेशीं असलेल्या जुन्या दळणवळणाची ही साक्ष कोणा राजानें ताम्रपटावर कोरविली नाहीं. ती मुलांनीं मुलांस तोंडीं पोंचविली.

खो-खोचें दैव निराळें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं त्याचे नियम बांधले, आणि २०२५ सालीं दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. विटीदांडूच्या वांट्यास एवढें भाग्य आलें नाहीं. अंगणें गेलीं, रस्ते मोटारींनीं व्यापले, आणि खेळाबरोबर त्याचे शब्दहि विरत चालले.

ज्यांना हे पुकारे अद्याप स्मरतात, त्यांनीं ते आपल्या गांवीं जसे म्हणत तसेच लिहून ठेवावे. हळहळण्यापेक्षां हें काम अधिक मोलाचें आहे.